हळदीचे दुकान लवकर कसे उघडेल?

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीचा बेदाणा आणि सातारा जिल्ह्यातला वाघ्या घेवडा यांना ते २०१६ सालीच मिळाले होते. असा माल आता आंतरजालावरच्या दुकानातूनही विकता येतो. समजा, एका शेतकऱ्याने असे दुकान काढले व त्यात हळदीची दहा छायाचित्रे लावली. पाटणच्या डोंगरातले एक गिऱ्हाईक मोबाइलवर ते उघडू लागले. पण पडद्यावर नुसते चक्रच फिरत राहिले! कंटाळून ते दुसऱ्या दुकानात गेले, तर हळद कितीही चांगली असून काय उपयोग? तेव्हा दुकान लवकर उघडणे हा शेतकऱ्याच्या मिळकतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळसे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

हेलपाट्यांचा हिशेब

दुकानाची पाने ‘सर्व्हर’ नावाच्या संगणकात साठवलेली असतात. तिथून ती बहुतेक अंतर काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने येतात. निर्वात जागेत प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख कि.मी. असतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे, म्हणून तंतूत हा वेग २ लाख कि.मी. इतकाच राहतो.

सर्व्हर अमेरिकेत असेल आणि तारेची लांबी १५,००० कि.मी. धरली, तर एका जाण्यायेण्याला ३०,००० ÷ २,००,००० = ०.१५ सेकंद लागेल. पान येण्यापूर्वी ओळख पटवणे, गुप्ततेची किल्ली ठरवणे आणि मागणी करणे, असे निदान तीन हेलपाटे होतात. म्हणजे ०.४५ सेकंद नुसत्या प्रवासात गेला. हाच सर्व्हर मुंबईत, तारेने ४०० कि.मी.वर असेल, तर तिन्ही हेलपाटे मिळून ०.०१२ सेकंद पुरेल. प्रकाशाचा वेग वाढवणे कोणाच्या हाती नाही. अंतर कमी करणे मात्र आपल्या हाती आहे.

चित्रांचे ओझे

खरा विलंब पुष्कळदा चित्रांमुळे होतो. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ४००० × ३००० = १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर ३६ मेगाबाइट होतात. १९९२ साली प्रमाणित झालेल्या ‘जेपेग’ पद्धतीने हे ओझे सुमारे ४ मेगाबाइटवर येऊ शकते. आपला डोळा उजेडातला फरक जितका बारकाईने टिपतो, तितका रंगातला टिपत नाही. याचा फायदा घेऊन ही पद्धत डोळ्याला न जाणवणारे तपशील गाळते.

तरीही दहा चित्रांचे ४० मेगाबाइट झाले. गिऱ्हाइकाच्या जोडणीचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट आहे असे माना. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून सेकंदाला ०.५ मेगाबाइटच उतरेल. ४० ÷ ०.५ = ८० सेकंद! एवढा वेळ कोण थांबेल?

आता प्रत्येक चित्र ८०० × ६०० बिंदूंचे करा. बिंदू २५ पटींनी घटले. ओझेही साधारण त्याच प्रमाणात घटले असे धरल्यास दहा चित्रांना १.६ मेगाबाइट, म्हणजेच ३.२ सेकंद पुरतात. त्यातही पडद्यावर प्रथम दोनच चित्रे दिसत असतील, तर तेवढीच आधी मागवावी. बाकीची गिऱ्हाईक पान सरकवील तेव्हा. मग पहिल्या दर्शनाला ०.६४ सेकंद! मात्र चित्र इतकेही दाबू नये, की हळकुंडाचा पोत आणि रंग ओळखू येणार नाही. गिऱ्हाईक तेच पाहायला आलेले असते.

पेवातली साठवण

सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवत असत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली. पण युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. माल बाजाराजवळ साठवलेला असला, की मागणी येताच देता येतो. त्याचप्रमाणे एकदा उतरलेले चित्र मोबाइल स्वतःजवळ ठेवू शकतो. दुसऱ्या खेपेला ते पुन्हा आणावे लागत नाही. दुकानाच्या प्रती निरनिराळ्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे. सावधगिरी एकच: चित्र खुशाल साठवावे, पण भाव दर वेळी ताजा मागवावा. नाहीतर कालच्या भावाने आजची हळद विकली जायची!

करून पाहा

शाळेच्या संगणकावर दोन छायाचित्रे घ्या: एक कोऱ्या भिंतीचे, दुसरे पानांनी भरलेल्या झाडाचे. दोन्ही एकाच मोबाइलने, एकाच आकारात काढा. बिंदू सारखेच, मग मेगाबाइट सारखे येतात का? नंतर दोन्हींची लांबी व रुंदी निम्मी करा. बिंदू एकचतुर्थांश झाले. ओझेही नेमके तेवढेच झाले का? आकडे वहीत मांडा आणि कारण शोधा. पुढेमागे तुमच्या गावातल्या एखाद्या बचत गटाने दुकान काढले, तर ही वही त्यांच्याही उपयोगी पडेल.