गोचिडाच्या पोटातली शिरगणती

गाईच्या मानेखालची पोळी किंवा कास चाचपताना बोटाला टम्म फुगलेला, करड्या-हिरवट रंगाचा दाणा लागतो. ती गोचिडाची मादी. शास्त्रज्ञ तिला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात आणि आपल्याकडच्या गोठ्यांपासून ब्राझीलच्या कुरणांपर्यंत गुरांना छळणारी जात हीच. गाईच्या अंगावर चढते तेव्हा ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, सहा पायांची अळी असते. तीनेक आठवडे त्याच गाईवर राहून, दोनदा कात टाकून, शेवटच्या दिवसभरात अधाशासारखं रक्त ढोसून ती खाली उतरते तेव्हा सेंटीमीटरभर झालेली असते. मग भिंतीच्या फटीत शिरून दोन-अडीच हजार अंडी घालते आणि मरते.

अडीच हजारांतल्या निम्म्या माद्या धरल्या आणि सगळ्या जगल्या असं मानलं, तर नातवंडांचा आकडा ३१ लाखांच्या वर जातो. प्रत्यक्षात बहुतेक अळ्या गाय भेटायच्या आधीच गवतात सुकून मरतात, हे गाईचं आणि आपलं नशीब. पण आकड्यांची खरी गंमत अंड्यांच्या संख्येत नाही, अंड्यांच्या आत आहे.

२०१७ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी याच जातीच्या अंड्यांतल्या आणि अळ्यांतल्या जिवाणूंची जनुकीय शिरगणती प्रसिद्ध केली. कुठल्याही प्राण्याच्या शरीरात जिवाणूंची शेकडो प्रकारची भाऊगर्दी असते, असं आपण ऐकत आलो आहोत. इथे मात्र ९८ टक्के जनुकीय नोंदी एकाच जिवाणूच्या निघाल्या. त्याचं नाव कॉक्सिएला. हा बाहेरून चिकटलेला नाही. आईच्या बीजकोशात त्याची वस्ती असते आणि तिथून तो थेट अंड्यात उतरतो. म्हणजे अळी अजून रक्ताचा एक थेंबही प्यायलेली नसते, तेव्हापासून तो तिच्यात मुक्कामाला असतो.

तो नसेल तर काय होतं, तेही त्यांनी पाहिलं. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक गोचिडाला दिलं, तसंच ते गुराला देऊन रक्तावाटेही गोचिडापर्यंत पोचवून बघितलं. पुढच्या पिढीच्या अंड्यांत जिवाणू ७४ टक्क्यांनी घटले, अळ्यांत ९० टक्क्यांनी. आईला काही झालं नाही. अंडी नेहमीसारखी घातली गेली, गर्भही नीट वाढले. पण त्या पिल्लांपैकी प्रौढ किती झाली? एकही नाही. शेवटची कात टाकायच्या टप्प्यावर सगळ्यांची वाढ खुंटली.

कारण रक्त हा फार एकसुरी आहार आहे. त्यात प्रथिनं आणि लोह भरपूर, पण ब गटातली जीवनसत्त्वं अगदीच तुटपुंजी. गोचीड आयुष्यभर दुसरं काही खात नाही, आणि ही जीवनसत्त्वं स्वतः तयार करणं त्याला जमत नाही. ते काम कॉक्सिएला करतो.

आता या कामगाराचा आकार बघा. अमेरिकेतल्या लोन स्टार नावाच्या गोचिडात कॉक्सिएलाचा जो भाऊबंद राहतो, त्याचा जनुकसंच अवघ्या ६,५६,९०१ अक्षरांचा आहे. पानाला दोन हजार अक्षरं धरून छापला, तर सव्वातीनशे पानांचं पुस्तक होईल. उलट तिथल्याच हरणांवरच्या गोचिडाचा जनुकसंच दोन अब्ज अक्षरांहून मोठा, म्हणजे दहा लाखांवर पानं. दहा लाख पानं बाळगणारी गोचिडाची जमात जीवनसत्त्वांसाठी सव्वातीनशे पानवाल्याच्या दारात उभी. सुरक्षित घर मिळाल्यावर या जिवाणूनं नको असलेली जनुकं पिढ्यान्‌पिढ्या टाकून दिली, पण जीवनसत्त्वांची ठेवली.

याच घराण्यातल्या एकानं मात्र वेगळी वाट धरली. त्याचा जनुकसंच सुमारे २० लाख अक्षरांचा आहे, आणि त्याचे पूर्वज गोचिडांतले असेच निरुपद्रवी भाडेकरू असावेत, असं २०१५ च्या एका अभ्यासातून पुढे आलं. तो क्यू फीवर हा आजार करतो, आणि त्यासाठी श्वासातून एक ते दहा जिवाणू आत गेले तरी पुरतात. २००७ ते २०१० या काळात नेदरलँड्समध्ये चार हजारांहून जास्त माणसं त्यानं आजारी पाडली. तीही गोचीड चावून नव्हे, शेळीपालनाच्या ठिकाणांहून उडालेल्या धुळीतून.

गोचीड चावूनच होणाऱ्या लाइम आजाराचा हिशोब तर मला त्याहून चक्रावणारा वाटतो. त्याचा जिवाणू, बोरेलिया, हरणांवरच्या गोचिडाच्या आतड्यात राहतो. अमेरिकन संशोधकांनी २००१ साली तो मोजला. चावण्यापूर्वी एका गोचिडाच्या आतड्यात सरासरी ९९८, चावून ४८ तास झाल्यावर ५,८८४. पण माणसापर्यंत पोचायचं तर आतड्यातून लाळग्रंथींपर्यंत जावं लागतं. तिथे आधी सरासरी १.२ होते, ७२ तासांनी २०.८. हजारोंच्या फौजेतले उंबरठ्यापर्यंत आलेले हे एकवीस. एवढ्या भांडवलावर अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

म्हणूनच वेळ महत्त्वाचा. लाइमचा जिवाणू माणसात उतरायला बहुधा दीड-दोन दिवस लागतात. सगळे इतके सावकाश नसतात. आपल्याकडे महाराष्ट्रातही गोचिडातून रिकेट्सिया जातीचे जिवाणू माणसात येतात आणि अंगावर पुरळ उठवणारा ताप आणतात. त्यांच्या बाबतीत दोन दिवसांच्या सवलतीवर विसंबू नये.

तेव्हा रानातून, गवतातून किंवा गोठ्यातून आल्यावर काखा, जांघा, कानामागची जागा नीट बघा. गोचीड सापडला तर नखानं चिरडू नका, रॉकेल-तेल ओतत बसू नका; चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता गोचीड चावल्याचं आपणहून सांगा. रिकेट्सियावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त आणि जुनं औषध चालतं, फक्त ते वेळेत सुरू व्हावं लागतं.