शुद्ध तेल आणि कोरडे तेल : उच्चदाब रोहित्रांतील तेलाच्या सुधारणेचा विचार

सांगलीच्या पेठेत ‘शुद्ध तेल’ म्हटले म्हणजे भेसळ नसलेले, शक्यतो घाण्यावर काढलेले तेल, असा अर्थ घेतला जातो. कराडच्या ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रात तोच शब्द उच्चारला, तर त्याचा अर्थ पालटतो. तेथे शुद्ध तेल म्हणजे ज्यातून पाणी, तंतू, धूलिकण व विरघळलेले वायू काढून टाकले आहेत असे तेल. ह्या दुसऱ्या अर्थाने घाण्याचे ताजे तेल अशुद्धच ठरेल. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असला, तरी ह्या अर्थभेदामुळेच तो ह्या प्रश्नाकडे वळला. कारण ‘तेल सुधारणे’ ह्या सोप्या दिसणाऱ्या शब्दप्रयोगातही तीन भिन्न क्रिया एकत्र झालेल्या आहेत. आणि त्यांची गल्लत झाली, तर त्याचे मोल रोहित्राला द्यावे लागते.

हा प्रश्न आपल्या भागाला दूरचा नाही. सातारा जिल्ह्यात अडविलेले कोयनेचे पाणी सह्याद्रीपलीकडे पोफळीस उतरवून १९६२ पासून वीजनिर्मिती होत आहे. त्या पट्ट्यात पावसाळाभर हवा ओलाव्याने जड असते. उलट सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, जत-आटपाडीकडे, उन्हाळा कडक असतो. टेंभू, ताकारी व म्हैसाळ ह्या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी विजेच्या पंपांनीच वर चढवितात. ऐन वैशाखात एखादे मोठे रोहित्र निकामी झाले, तर उभ्या पिकाचे पाणी थांबते. ओलावा आणि उष्णता हे रोहित्राचे दोन मुख्य शत्रू होत, आणि ते दोन्ही येथे शेजारी शेजारी नांदतात.

रोहित्रातील तेल दोन कामे करते : वेटोळ्यांतील उष्णता बाहेर नेणे व विजेला अडविणे. परंतु विजेला अडविण्याचे काम ते एकटे करीत नाही. तांब्याच्या तारेवर गुंडाळलेला सेल्युलोजचा कागद त्याचा जोडीदार असतो. तेल गाळता येते, बदलता येते. कागद मात्र एकदा जीर्ण झाला की वेटोळी उलगडल्यावाचून बदलता येत नाही. म्हणून रोहित्राचे आयुष्य म्हणजे वस्तुतः कागदाचे आयुष्य होय. रोहित्रातील बहुतेक पाणी तेलात नसून कागदातच मुरलेले असते. कागदातील पाणी दुप्पट झाले, की तो जीर्ण होण्याचा वेगही साधारणतः दुप्पट होतो. सर्वांत तप्त भागाचे तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने वाढले, तरी परिणाम तोच.

आता सुधारणेचे तीन अर्थ पाहू. पहिला अर्थ शुद्धीकरणाचा. तेल तापवून, निर्वातात पसरवून व सूक्ष्म गाळणीतून नेऊन कोरडे केले जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार नव्या खनिज तेलाने २·५ मिलिमीटर अंतरावर, जसे येते तशा स्थितीत किमान ३० किलोव्होल्ट, आणि प्रक्रियेनंतर ७० किलोव्होल्ट दाब सहन केला पाहिजे. तेल तेच असते. केवळ पाणी व कण गेल्याने हा फरक पडतो.

दुसरा अर्थ संरक्षणाचा. तप्त तेल प्राणवायूच्या सान्निध्यात आम्ल बनते व गाळ धरते. ते लांबविण्यासाठी प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य अल्प प्रमाणात, शेकडा अर्ध्याहूनही कमी, मिसळतात. हे द्रव्य स्वतः खर्ची पडून तेलाला वाचविते. म्हणून ते किती उरले आहे ह्याची वेळोवेळी तपासणी अपरिहार्य ठरते.

तिसरा अर्थ पर्यायाचा : खनिज तेलाऐवजी सोयाबीन, सूर्यफूल इत्यादींच्या तेलापासून सिद्ध केलेले नैसर्गिक एस्टर वापरणे. खनिज तेल सुमारे १७० अंशांवर पेट धरते. एस्टरला ३०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्याहून महत्त्वाचा गुण पाण्याविषयीचा आहे. सामान्य तापमानास खनिज तेलात दशलक्ष भागांत सुमारे ५५ भाग पाणी विरघळते, तर नैसर्गिक एस्टरात हजाराच्या घरात. त्यामुळे एस्टर कागदातील पाणी आपल्याकडे ओढून घेतो आणि कागद अधिक काळ टिकतो. २०१० नंतरच्या दशकात जर्मनीत ४२० किलोव्होल्टचे रोहित्रही अशा तेलावर उभे राहिले.

सोयाबीन तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पिकते. मग घाण्याचे तेल सरळ रोहित्रात का ओतू नये? त्यातील मुक्त मेदाम्ले, डिंकासारखी फॉस्फोलिपिडे व पाणी काढल्याखेरीज ते विजेला अडवू शकत नाही. शिवाय शुद्ध केलेला एस्टरही खनिज तेलाच्या जवळजवळ तिप्पट दाट असतो; म्हणून थंड ठेवण्याची रचना त्याला जुळती हवी. तो हवेशी खेळता राहिला, तर ऑक्सिडीभवनाने घट्ट होत जातो. सिलिका जेलच्या ब्रीदरमधून श्वास घेणाऱ्या जुन्या रोहित्रात हे जेल ओलावा रोखते, पण प्राणवायू रोखीत नाही. सबब अशा रोहित्रात हवाबंद व्यवस्था केल्याशिवाय एस्टर भरणे ही सुधारणा नव्हे.

तात्पर्य, ‘हे तेल चांगले आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. ते किती कोरडे आहे, किती काळ स्थिर राहील आणि आतल्या कागदाचे काय करील, असे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पैकी तिसऱ्याचे उत्तर ज्या सुधारणेजवळ नाही, ती सुधारणा तेलाची असेल, रोहित्राची नव्हे.