गायकवाडी मुलुखाचा सागरी दीप

बडोद्यातील नागरवाड्यापासून समुद्र दूर असला, तरी द्वारका व ओखा ज्या ओखामंडळात येतात ते गायकवाडी अंमलाखाली असल्यामुळे नौकानयनाचा विषय बडोदे सरकारच्या दफ्तरास परका नव्हता. द्वारकेचा आजचा ४३ मीटर उंचीचा दीपस्तंभ १९६२ सालचा. परंतु अशा स्तंभांचे सामर्थ्य ज्योतीइतकेच, फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी योजिलेल्या आणि १८२३ साली प्रथम दीपस्तंभात बसविलेल्या त्या भिंगात आहे, जे विखुरणारे किरण वळवून क्षितिजाकडे धाडते. आणि प्रत्येक दीपाचा उघडझापेचा क्रम निराळा असल्यामुळे खलाशी तेवढ्यावरून किनारा ओळखतो. सागरी दीपांच्या वायूचे नियमन करणारी स्वयंचलित यंत्रणा निर्माण केल्याबद्दल स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज सौर पॅनेल, बॅटरी आणि एलईडी ती सेवा बजावतात. जहाजांना मार्ग दाखविणाऱ्या उपग्रहांचा संकेत खंडित झाला असता डोळ्यांना दिसणारा हाच आधार उरतो, म्हणून त्याचे जतन हे राष्ट्राचे कर्तव्य होय.