येरमाळ्याचा चौक आणि बार्शीची पेठ

येरमाळ्यात दोन रस्ते एकमेकांना छेदतात. उभा रस्ता म्हणजे सोलापूर–धुळे महामार्ग, पूर्वीचा २११ क्रमांकाचा आणि आताचा ५२. आडवा रस्ता पश्चिमेला बार्शीकडे उतरतो, पूर्वेला कळंबकडे जातो. ट्रकांची रांग पाहिली की महामार्गच मोठा वाटतो. पण या मुलखाचा बाजार कळायला हवा असेल तर आधी आडव्या रस्त्याने चालावं.

बाजारगावं कशी बसतात, याचं गणित बैलाच्या पायांवर असतं. शेतकऱ्याने सकाळी निघावं, माल विकावा आणि दिवे लागायच्या आत घरी परतावं. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावरच्या ग्रंथात हेच मोजून ठेवलं आहे. दिवसाची चाल वीस मैल. तिचे तीन भाग, एक जायला, एक बाजाराला, एक परतायला. म्हणून जुन्या बाजारापासून सुमारे पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार भरवला तर तो उपद्रव ठरे. आपल्याकडे असा लिखित आकडा नव्हता, पण व्यवस्था होती. नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळे, काही वर्षं करात सूट असे, आणि पेठेचा कारभार शेटे-महाजन या वतनदारांकडे राही. शेजारच्या गावांच्या बाजाराचे वार शक्यतो वेगळे असत. बांगडीवाला, भांडीवाला, कापडवाला त्या वारांवरच आठवडा काढत.

या छोट्या बाजारांचं धान्य शेवटी मोठ्या पेठेत जायचं. ही मोठी पेठ म्हणजे बार्शी. बालाघाटाच्या पायथ्याशी असल्याने वरच्या पठारावरची ज्वारी, गळिताचं धान्य, कापूस तिथल्या अडतीवर येई आणि तिथून मीठ, कापड, लोखंड वर चढे. घाटमाथ्यावरचं येरमाळा या वाटेवरचा टप्पा होतं.

इथे एक अडचण आली, आणि माझ्या मते या भागाचा निम्मा इतिहास तिच्यातच आहे. बार्शी मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात. येरमाळा आणि कळंब निजामाच्या राज्यात. पेठ एका राज्यात, तिचा माल पिकवणारं शिवार दुसऱ्या राज्यात. सरहद्द ओलांडताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. नाण्यांचंही तेच. इंग्रजांचा रुपया कलदार, निजामाचा हाली. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली पडत. म्हणजे बार्शीत ज्वारी विकून आलेल्या माणसाला भाव दोनदा कळे, एकदा अडतीवर आणि एकदा नाणं बदलताना. या हिशेबात कोण गाळात जात असे, हे सांगायला नको. इतकं असूनही माल बार्शीलाच जाई.

निजामाच्या पाठिराख्या रझाकारांच्या काळात याच सरहद्दीला दुसरा अर्थ आला. पलीकडच्या गावांमधली माणसं जीव वाचवायला बार्शीच्या बाजूला आली, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांची केंद्रं सरहद्दीलगत उभी राहिली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन्ही बाजू एकाच राज्यात आल्या.

ही सरहद्द असतानाच मध्ये रेल्वेचं प्रकरण आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभारली. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये येडशीमार्गे लातूरला पोचली. येरमाळा तिच्या वाटेवर नव्हतं. माल आता रेल्वेला जवळ असलेल्या गावी जाऊ लागला. लातूरची पेठ पुढे वाढत गेली, आणि १९८२ मध्ये लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं.

येरमाळ्याला त्याही काळात गर्दी मिळत राहिली, ती येडेश्वरी देवीमुळे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत डोंगरावरून पालखी आमराईत येते आणि भाविक रानातले चुन्याचे खडे वेचून देवीसाठी ढीग रचतात. सिमेंट येण्याआधी देवळं आणि वाडे चुन्यातच बांधले जात, हे ध्यानात घेतलं की या प्रथेकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं. यात्रा म्हटली की दुकानं आलीच. देवीच्या निमित्ताने भरणारा हा वर्षाचा मोठा बाजारच.

या व्यापाराच्या इतिहासात याहून मागे जायचं असेल तर येरमाळ्याच्याच जिल्ह्यातलं तेर गाठावं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे नगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगितलं आहे. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. तगर म्हणजे तेर, ही ओळख पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी पटवली.

आता कागदांचं. बार्शीचा इतिहास शोधणाऱ्याला सोलापूरचं १८८४ चं गॅझेटियर इंग्रजीत मिळतं, जुनी दफ्तरं मोडीत. येरमाळ्याच्या बाजूला निजामी महसुली कागद उर्दूत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा मराठवाड्यातल्या तहसिलींत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. जातीच्या रकान्यासाठी ती दफ्तरं उघडली गेली. त्याच दफ्तरांत पिकं, जमिनी आणि गावांचे महसूलही नोंदलेले आहेत, आणि ते वाचायला अजून फारसं कुणी बसलेलं नाही.