दोन कानांची गाळणी

सिंथेसायझर-निर्माते रॉबर्ट मूग यांना ज्या विद्युत्-गाळणीचे पेटंट १९६९ साली मिळाले, ती नियत कंप्रतेच्या वरच्या स्वरांशांना दर सप्तकामागे २४ डेसिबलांनी क्षीण करीत असे. तिचा अंमल मात्र एकाच ध्वनिप्रवाहावर चाले. मॉड्युलर सिंथेसायझरातील स्टीरिओ फिल्टरात डाव्या-उजव्या बाजूंसाठी अशा दोन गाळण्या नांदतात, आणि खरे वैभव त्यांच्यातील तफावतीत आहे. एकाच करवती तरंगाला डावीकडे ८०० आणि उजवीकडे १६०० हर्ट्‌झपर्यंत मुभा दिली, तर खालचे स्वरांश मध्यभागी स्थिर राहतात व वरचे उजवीकडे झुकतात. नियंत्रक विद्युत्-दाबाच्या एका व्होल्टला एक सप्तक, या रूढ दंडकाप्रमाणे हा फरक अवघ्या एका व्होल्टचा; तोच मंद आंदोलकाच्या हवाली केला असता तेजस्विता एका कानाकडून दुसऱ्याकडे सरकू लागते, आणि हे स्थलांतर, माझ्या मते, आवाजाची नुसती पातळी डावी-उजवीकडे फिरविण्याहून कितीतरी सजीव असते.