गादीतल्या स्प्रिंगा आणि हरवलेली हातोडी

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती पाठीतून आत जाऊन कुठेतरी अडकली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं घालून गोळी चाचपत होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बोटं धुतलेली नव्हती. अशा वेळी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल एक यंत्र घेऊन व्हाइट हाउसवर आले. तारेची वेटोळी, बॅटरी आणि कानाला लावायचा टेलिफोन एवढाच त्याचा पसारा. वेटोळ्यांजवळ धातू आला की कानात गुणगुण ऐकू यायची. आधी घेतलेल्या चाचण्यांत यंत्र व्यवस्थित चाललं होतं. रुग्णाच्या अंगावरून फिरवलं तर मात्र जिथे न्यावं तिथे गुणगुण! नंतर कळलं, की राष्ट्राध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यात मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

छंद म्हणून मेटल डिटेक्टर घ्यायचाय, कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी त्याला आधी ही गोष्ट ऐकवतो. बेलचं यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते जे ऐकत होतं ते खरंच तिथे होतं. घोळ होता तो गादीचा. आज पौंड-डॉलर मोजून घेतलेली यंत्रंसुद्धा बहुतेक वेळा गादीपायीच फसतात. आपली गादी म्हणजे पायाखालची जमीन.

या छंदाचं माहेर म्हणावं असा देश ब्रिटन. ऑगस्टमध्ये गहू कापला गेला, की पुढची पेरणी होईपर्यंतच्या काही आठवड्यांत इंग्लंडच्या खुंटाळलेल्या शेतांतून कानाला हेडफोन लावलेली माणसं संथपणे चालताना दिसतात. हातातला दांडा डावी-उजवीकडे झुलत असतो. डिटेक्टर म्हणजे यंत्र, आम्ही डिटेक्टरिस्ट, असं ते नवख्याला जरा ठसक्यातच सुनावतात. बीबीसीने २०१४ पासून याच नावाची एक मालिका दाखवली. अशा दोन मित्रांची ती गोष्ट आहे आणि ते दोघे दिवसभर फिरून बहुधा बटणं आणि कचरा घेऊन घरी येतात. वस्तुस्थितीही तीच आहे. जुन्या बंदुकांच्या शिशाच्या गोळ्या, बकलं, घोड्याच्या साजाचे तुकडे, ट्रॅक्टरचे नट, हेच रोजचं पीक. नांगराच्या फाळाखाली आलेल्या शीतपेयाच्या कॅनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चिंध्या होतात, त्यांना हे लोक कोबीच्या कोशिंबिरीवरून ‘कॅनस्लॉ’ म्हणतात. इतका कचरा, की त्याला लाडकं नाव पडलंय.

यंत्राचं काम समजायला अवघड नाही. दांड्याच्या टोकाला ताटलीसारखी कॉइल असते. तिच्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या टप्प्यात धातू असला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते स्वतःचं छोटंसं क्षेत्र उभं करतात. ताटलीतलीच दुसरी कॉइल ते ऐकते. हे उत्तर किती जोरात आलं यापेक्षा ते किती मागे रेंगाळलं, हे महत्त्वाचं. चांदी, तांबं असे उत्तम वाहक जास्त रेंगाळतात. पातळ पत्रा, चंदेरी वर्खाची पट्टी चटकन विझते. लोखंडाची तऱ्हा आणखी वेगळी. या रेंगाळण्यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, बऱ्याच यंत्रांत ० ते ९९ च्या दरम्यानचा. खाली लोखंड, वर चांदी, मध्ये बाकीचं जग.

खरी गोम या मधल्या जगात आहे. कॅन उघडायची कडी आणि सोन्याची बारीक अंगठी यांचे आकडे एकाच पट्ट्यात पडतात. कड्यांनी वैतागलेला नवखा माणूस बटण दाबून ते आकडे गप्प करतो आणि त्याच दिवसापासून त्याच्या लेखी अंगठ्याही गप्प होतात. कुठलाही विक्रेता काहीही सांगो, ‘फक्त सोनं दाखवणारं’ यंत्र या पद्धतीत होऊ शकत नाही. ज्याला सोनं हवं त्याने कड्या उकरायच्या. एवढी तयारी नसेल तर पैसे वाचवावेत आणि पतंग उडवावेत.

छंदी लोकांची बहुतेक यंत्रं साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, काही त्याच्याही वर जातात. खालच्या पट्टीतला सूर चांदीच्या मोठ्या नाण्यांना मानवतो, वरच्या पट्टीतला सोन्याच्या कणांना आणि साखळीच्या बारीक कड्यांना. पूर्वी खरेदी करतानाच यातलं एक काहीतरी निवडावं लागे. आता एकाच वेळी अनेक सूर लावणारी यंत्रं आली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅबने २०१८ मध्ये ‘इक्विनॉक्स’ काढलं तेव्हापासून ती मध्यम खिशाच्या आवाक्यात आली. फ्रान्सची एक्सपी, तुर्कस्तानची नोक्ता, अमेरिकेची गॅरेट हे बाकीचे मानकरी. ब्रिटनमध्ये साधं यंत्र दीड-दोनशे पौंडांपासून मिळतं, वरच्या टोकाला हजार-दीड हजार पौंड पडतात.

तरीही कंपनी आणि किंमत या नंतरच्या गोष्टी. आधी पायाखाली काय आहे ते बघावं.

लहानपणी लोहचुंबक मातीतून किंवा नदीच्या वाळूतून फिरवला नाही असा मराठी माणूस विरळा. त्याला काळ्या पुडीची दाढी फुटायची. ती पूड म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळातून झिजून आलेलं मॅग्नेटाइट. आपली काळी जमीन आणि कोकणातला लोहाने लालभडक झालेला जांभा, दोन्ही डिटेक्टरच्या दृष्टीने स्प्रिंगा भरलेल्या गाद्याच. जमिनीचा हा आवाज वजा करायची सोय यंत्रात असते, तिला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात. कॉइल धातू नसलेल्या जागेवर खाली-वर करून ती लावायची. स्वस्तातल्या काही यंत्रांत ती कारखान्यातच कायमची लावून दिलेली असते. इंग्लंडच्या सौम्य कुरणात तेवढ्यावर भागतं, बसाल्टच्या किंवा जांभ्याच्या जमिनीवर मात्र यंत्र अखंड किरकिरतं. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या पुतण्याने तिकडचं गाजलेलं स्वस्त यंत्र काकांसाठी आणलं आणि इथे ते ‘बिघडलेलं’ निघालं, तर पुतण्याला बोल लावू नये.

ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या प्रदेशांतली माती अशीच लोहाने गच्च आहे. १९८० मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात किंगोअरजवळ एका हौशी शोधकाला गॅरेटच्या यंत्राने सोन्याचा २७ किलोंचा गोळा मिळाला. ‘हँड ऑफ फेथ’ नावाने तो प्रसिद्ध आहे. पण तशा मातीतले खोलवरचे बारीक कण साध्या यंत्रांना ऐकू येईनात. तिथे वेगळी जात कामाला आली. तिला पल्स इंडक्शन म्हणतात. हे यंत्र सतत सूर धरत नाही. विजेचा एक जोरदार ठोका देतं, थांबतं आणि प्रतिध्वनी कसा ओसरतो ते ऐकतं. जमिनीचा प्रतिध्वनी चटकन मरतो, धातूचा थोडा टिकतो. माती आणि खारं पाणी, दोन्हींना हे यंत्र फारसं जुमानत नाही. त्याची किंमत म्हणजे लोखंडाचा खिळा आणि सोनं यांतला फरक त्याला नीटसा सांगता येत नाही. दिसेल ते खणा.

समुद्रकिनारा हे आणखी वेगळं प्रकरण. कोरड्या वाळूत कुठलंही यंत्र चालतं. लाटेने भिजलेल्या वाळूत मीठ असतं आणि खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे एका सुरावर चालणारं यंत्र तिथे भ्रमिष्ट होतं. तिथे अनेक सुरांचं यंत्र हवं किंवा पल्स. आणखी एक बारकी गोष्ट घेताना विचारायची: पाण्यात काय चालतं, फक्त कॉइल की पडद्याची डबीसुद्धा? जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतात. गुडघाभर पाण्यात पाय घसरला की फरक कळतो.

कॉइलच्या आकाराबद्दल लोक फार हावरे असतात. मोठी ताटली खोल ऐकते, हे खरं. पण जुन्या गावठाणात एकेका पावलाखाली दहा खिळे असतात. तिथे मोठ्या ताटलीला सगळ्यांचा एकच गलका ऐकू येतो आणि खिळ्यांमधलं नाणं हरवतं. अशा जागी छोटी कॉइल बरी. खोलीबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं. चांगल्या यंत्राला चांगल्या मातीत रुपयाएवढं नाणं वीसेक सेंटिमीटरवर ऐकू आलं, पंचवीसवर आलं, तर खूश व्हावं. हंडा असेल तर आणखी खाली. पण जे यंत्र काही मीटर खोलीवरचं, शेजारच्या टेकडीपलीकडचं सोनं दाखवतं म्हणून विकलं जातं, त्यात बहुधा एक अँटेना आणि भरपूर आत्मविश्वास असतो. हा धंदा किती पुढे जाऊ शकतो, याचा दाखला ब्रिटनमध्येच घडला. हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकलं जाणारं एक बिनकामाचं खेळणं होतं. त्यावरून बेतलेली ‘एडीई ६५१’ ही कांडी बॉम्ब शोधणारी म्हणून इराकला हजारो डॉलरला विकली गेली आणि ती बगदादच्या नाक्यांवर सैनिकांच्या हाती होती. विक्रेत्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

वजनाची गोष्ट कुणी काढत नाही, पण चार तासांनी खांदा काढतो. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये आलेल्या पोलिश सैन्यातल्या युझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारं यंत्र बनवलं. ते १४ किलोंच्या आतबाहेर होतं, आणि एका माणसाला उचलता यायचं म्हणून त्याचं कौतुक झालं. १९४२ मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात अशी पाचशे यंत्रं वापरली आणि सुरुंग काढण्याचा वेग दुप्पट झाला. कोसात्स्कीने पेटंट घेतलं नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. बदल्यात राजाकडून आभाराचं पत्र आलं. आज किलोभर वजनाची यंत्रं मिळतात. किलो आणि पावणेदोन किलो यांतला फरक दुकानात जाणवत नाही. म्हणून शक्य असेल तर दुकानात दहा मिनिटं नुसतं झुलवून बघावं, मग लोक बघोत. आणि पैसे थोडे राखून हातात मावणारा पिनपॉइंटर घ्यावा. यंत्र सांगतं ‘इथे’. त्या ‘इथे’मध्ये टोपलीभर माती असते, आणि ढेकळात नेमकं नाणं कुठे आहे ते हा छोटा दांडका दाखवतो. त्याच्याविना पहिल्याच महिन्यात छंद सुटतो.

यंत्र आलं तरी ते चालवायचं कुठे, हा प्रश्न उरतो. इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी लागते. शोधक तिला नुसतं ‘परमिशन’ म्हणतात आणि नव्या परमिशनची बातमी मुलाच्या लग्नासारखी सांगतात. संरक्षित स्मारकावर यंत्र नेणं गुन्हा आहे. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनं सोनं-चांदी सापडलं तर चौदा दिवसांत कोरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. संग्रहालयाने ते घेतलं तर मिळणारी रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. १९९७ पासून एक राष्ट्रीय नोंद योजनाही आहे. तिच्यात बटणापासून तलवारीच्या मुठीपर्यंत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे.

आपल्याकडे १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, की कलेक्टरला कळवणं बंधनकारक. दहा रुपयांत आता कटिंग चहा येतो, म्हणजे जवळपास सगळंच आलं. वर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, आणि संरक्षित किल्ल्यावर कुदळ मारायची तर बातच नको. २०२५ च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपट बघून बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरातल्या शेतांत लोक मोगलांचं सोनं शोधायला रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन उतरले होते, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच. इथे या यंत्राचा सरळ उपयोग म्हणजे किनाऱ्यावर बोटातून निसटलेली अंगठी, अंगणात पडलेलं जोडवं, स्वतःच्या शेतात मातीत गेलेला नांगराचा फाळ.

आणि फाळावरून हॉक्सनची गोष्ट सांगायलाच हवी. १६ नोव्हेंबर १९९२. इंग्लंडच्या सफोक परगण्यात पीटर व्हॉटलिंग नावाच्या शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा मित्र एरिक लॉज निवृत्त माळी होता आणि निवृत्तीच्या वेळी त्याला डिटेक्टर भेट मिळाला होता. हातोडी बघ म्हणून तो बोलावला गेला. त्याच्या यंत्राला आधी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी लागली. थोडं काढल्यावर लॉजने खणणं थांबवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. म्हणून पुरातत्त्वज्ञांना उरलेला ठेवा जागच्या जागी बघता आला: कुजलेल्या लाकडी पेटीचे अवशेष, भांडी कशात कशी रचली होती ते, आणि चौदा हजारांहून जास्त रोमन नाणी. लॉजला साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले.

हातोडी लोखंडाची. कचरा टाळायला शिकलेला शोधक सगळ्यात आधी लोखंडाचाच आवाज बंद करतो, तसं केलं तर हातोडी कधी वाजणारच नाही. हॉक्सनला मात्र तीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.