रजेचा आठवडा आणि घरातला रविवार



आमच्या पडवीत दोन सायकली उभ्या असतात. एक काळी, कॅरिअरवाली. तिच्यावरून आम्ही वर्षानुवर्षे पिंपरीच्या कारखान्यातली पहिली पाळी गाठली. दुसरी गिअरची, जुन्या बाजारातून घेतलेली. ती फक्त रविवारची. दर रविवारी पहाटे पाचला आम्ही दहा-बारा जण निघतो. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी रिक्षावाला, कोणी पालिकेच्या सफाई खात्यात. शर्यतीत नाव काढणारा आमच्यात एकही नाही. देहूरोड, वडगाव, कामशेत करीत लोणावळा गाठायचे, चहा प्यायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचे, एवढीच हौस.

लोक विचारतात, या वयात कशाला हा खटाटोप? त्याचे उत्तर आमच्या वडिलांपाशी आहे. त्यांनी गावाकडे असताना पै-पै जमवून एक जुनी सायकल घेतली होती. पण चावडी आली की त्यांना खाली उतरावे लागे. सायकल हातात धरून, मान खाली घालून तेवढा रस्ता चालायचा आणि गावाबाहेर पडल्यावर पुन्हा बसायचे. अशी गावे महाराष्ट्रात किती होती हे जुन्या माणसांना विचारा. वडील आम्हाला नेहमी सांगत, "पोरा, सायकलवरून उतरायचं ते आपल्या मर्जीनं. दुसऱ्याच्या नाही." तेव्हा आमच्यासाठी सायकल हा नुसता शौक नाही. हमरस्त्यावरून ताठ मानेने जाताना वडील आमच्याबरोबर असतात असे आम्हाला वाटते.

हे सगळे सांगण्याचे कारण, यंदा याच सायकलीने आम्हाला एक आठवडा घरी बसवले आणि घरातली एक गोष्ट दाखवली. ती आम्ही इतकी वर्षे पाहत होतो, पण आम्हाला ती दिसत नव्हती.

बेत एक, झाले भलतेच

आमची हक्काची रजा शिल्लक होती. मनात बेत होता की एका आठवड्यात कार्ला, भाजे आणि बेडसे ही लेणी करायची, आणि पाऊस उघडला तर पुढे जुन्नरची लेणीही पाहायची. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू ज्या वाटांनी गेले, त्या वाटा आपणही पायडल मारीत पाहाव्यात.

पण रजेच्या आधीच्या रविवारीच पावसात लोणावळा केला आणि उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "आठवडाभर सायकलला हात लावायचा नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे शेका आणि घरी बसा." रजा मंजूर झाली होती, आणि सायकल भिंतीला टेकली होती.

सोमवारी आम्ही चिडचिड केली. दोन खोल्यांच्या घरात रिकामा पुरुष म्हणजे अडगळ. जिथे बसावे तिथे कोणाला तरी झाडायचे असते. मंगळवारी मात्र आम्ही खाटेवर पाय लांब करून पडलो आणि नुसते पाहत राहिलो.

कॅलेंडरच्या पाठीवरचा हिशेब

आमच्या सौ. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जातात. रोजंदारीचे काम आहे. ज्या दिवशी हजेरी त्या दिवशी पैसे, खाडा झाला की काही नाही. पगारी रजा हा शब्द त्यांच्या कामात नाही.

पहाटे साडेचारला त्या उठल्या. पाणी भरले, भांडी घासली, भाकऱ्या थापल्या, डबे भरले, मुलांना उठवले, म्हाताऱ्या आईच्या गोळ्या काढून ठेवल्या. साडेआठ वाजले. नऊ ते साडेपाच वर्कशॉप. येताना भाजी घेऊन आल्या आणि साडेसहाला पुन्हा चुलीपुढे. जेवणे, आवराआवर, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे, धुणे भिजवणे. पाठ टेकली तेव्हा साडेदहा वाजले होते.

आम्हाला हिशेबाची सवय आहे. कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने मांडले. जेवणाची अर्धी तासाची सुट्टी वजा करून वर्कशॉपचे आठ तास, आणि घरचेही बरोबर आठ तास! कारखान्यात आठ तासांवर एक तास जादा झाला तर आम्ही दुप्पट दराने ओव्हरटाइम मागतो. या दुसऱ्या आठ तासांचा दर काय? आजवर त्याची पावती कोणी फाडली?

रात्री आम्ही तो कागद सौ.ना दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "यात रविवार नाही लिहिला."

"रविवारी तर तुला सुट्टी असते ना?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, रविवारी तुम्ही पाचला निघता, म्हणून मी चारला उठते. तुम्ही पोहे खाऊन जाता. दुपारी चिखलाचे कपडे घेऊन येता, ते मी धुते. महिला मंडळाच्या बाया विहारात ग्रंथवाचनाला बोलवायला येतात, तेव्हा तुमचं पान वाढायचं असतं. मामंजींना चावडीपुढं सायकलवरून उतरावं लागायचं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी कधी बोलले नाही."

आम्ही त्या रात्री बराच वेळ जागे होतो. गुडघ्यापेक्षा दुसरेच काहीतरी दुखत होते.

हा रविवार आला कुठून?

वाचकहो, आपण रविवारची सुट्टी आणि पगारी रजा अशी घेतो की जणू त्या आभाळातून पडल्या. त्या पडलेल्या नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि या सुट्टीसाठी वर्षानुवर्षे झगडले. अखेर १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच वर्षी या मागणीसाठी भरलेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. म्हणजे रविवार मागायला बाईही उभी राहिली होती. मग तो मिळाल्यावर एकट्या पुरुषाच्या खिशात कसा गेला?

पुढचे काम परमपूज्य बाबासाहेबांनी केले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी विश्रांती मिळावी या विधेयकाची बाजू मांडली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांत वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आम्ही ज्या रजेत खाटेवर लोळत होतो, तिच्यामागे ही मेहनत आहे. विश्रांती हा माणसाचा हक्क आहे असे आपण कारखान्याच्या फाटकावर घोषणा देऊन सांगतो. घराच्या उंबऱ्याशी येऊन मात्र आपण तो हक्क विसरतो.

सोणाची वीणा

बुधवारी आम्ही विहारातल्या भन्तेजींकडे गेलो. वर्षावास चालू होता. आयुष्यभर गावोगाव चारिका करणारे तथागत आणि त्यांचे भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. भन्तेजी आमचा गुडघा पाहून म्हणाले, "तुम्हालाही वर्षावास घडला म्हणायचा." मग त्यांनी सोण भिक्खूची गोष्ट सांगितली. हा सोण श्रीमंताघरचा. संघात आल्यावर त्याने चालत ध्यान करण्याचा इतका अट्टहास केला की पायांतून रक्त वाहू लागले. तरी मन शांत होईना. तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले, घरी असताना तू वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? आणि सैल सोडली तर? सोणाला उमगले. प्रयत्नही तसाच हवा, फार ताणलेला नको आणि फार ढिलाही नको.

सायकलवाल्याला ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. लांब पल्ला मारल्यावर स्नायूंतली साखर संपते. पोटभर जेवूनही ती भरून यायला एक दिवस लागतो, कधी दोन. ताकद वाढते ती चढावर नव्हे, चढानंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत. आठवडाभर सायकल थांबली म्हणून कमावलेला दम काही वाहून जात नाही. परतताना आम्ही मनाशी म्हणालो, आमची तार एक आठवडा सैल झाली, बरे झाले. पण घरात दुसरी एक तार वीस वर्षे ताणलेली आहे, तिचे काय?

गुरुवार ते शनिवार

गुरुवारपासून सकाळचे पाणी आणि भांडी आम्ही आमच्याकडे घेतली. पहिल्या दिवशी दोन कप फुटले. आई खाटेवरून म्हणाली, "माझ्या लेकाला भांडी घासायला लावली!" त्यावर आम्ही सांगितले, "आई, तू तरुणपणी थकायचीस तेव्हा कोणी घासली असती तर तुला नको होतं का?" म्हातारी गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "राखेनं घासायची आम्ही. हात फाटायचे."

दुपारी थोरल्या मुलीला घेऊन गिअरची सायकल खोलली. चेन डिझेलने आणि जुन्या टूथब्रशने साफ केली, कोरडी केली, थेंब-थेंब तेल सोडले आणि वरचे पुसून घेतले. चेनचा एक दुवा अर्ध्या इंचाचा असतो, म्हणजे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. पट्टी लावून पाहिली. माप बारा इंचांच्या वर इंचाचा एक सोळावा भाग गेले की चेन बदलावी, नाहीतर ती दातेही खाते. आमची अजून शाबूत होती.

मग मुलीनेच विचारले, "पप्पा, सीट एवढी खाली का?" पाहतो तर सीटचा नट ढिला होऊन दांडा दोन बोटे खाली सरकला होता. गुडघ्याचे दुखणे तिथेच होते. सीट खाली असली की प्रत्येक फेरीला गुडघा जास्त वाकतो आणि पुढच्या बाजूने दुखतो. फार वर असली तर मागून ताणतो. माप सोपे आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो. एवढ्या साध्या गोष्टीकडे आम्ही पाहिले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी काळी सायकल घेऊन मुलगी विहाराच्या आवारात गेली आणि तिने आईला सीटवर बसवले! सौ.नी पदर खोचला, दोन वेळा पडता पडता वाचल्या. शेजारच्या बाया हसल्या, पण त्यातल्याच दोघी म्हणाल्या, "उद्या आम्हाला पण." तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो कष्टकरी बायका सायकल शिकल्या. पाणी आणायला, बाजाराला, कामाला त्या कोणाची वाट न पाहता जाऊ लागल्या. आपल्या वस्त्यांतल्या महिला मंडळांना हे का जमू नये?

एक रविवार तिचा

रविवारी पहाटे पाचला आमची मंडळी दाराशी आली आणि घंटा वाजवून पुढे गेली. सातला महिला मंडळ लोकलने देहूरोडला निघाले. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. आमच्या दारावरून सायकलने आम्ही तिथून शेकडो वेळा गेलो. सौ. मात्र लग्नानंतर एकदाच गेल्या होत्या. यंदाही त्यांनी मंडळाला "जमणार नाही" सांगून ठेवले होते. आम्ही म्हणालो, "जा. चूल आमच्याकडे."

वरण तळाला लागले. भात बरा झाला. बटाट्याची भाजी मुलीने सांभाळली. चार वाजता सौ. पांढऱ्या साडीत परत आल्या. सगळ्यांबरोबर पंगतीला बसल्या, आणि कोणीतरी त्यांच्या पानात वाढले. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मग म्हणाल्या, "पण गरम आहे. किती वर्षांनी गरम जेवतेय."

आता घरात ठरले आहे. महिन्यातले दोन रविवार आमचे, दोन त्यांचे. पाणी आणि भांडी रोज आमच्याकडे. सौ. म्हणतात, "बघू, किती दिवस टिकतंय." त्यांचा अविश्वास रास्त आहे. एका आठवड्याच्या कामावर वीस वर्षांचा हिशेब चुकता होत नाही. कार्ला-भाज्याची लेणी तिथेच आहेत, ती पुढच्या रजेत पाहू. तेव्हा मुलगी सायकलने येईल आणि सौ. लोकलने मळवलीला उतरतील.

बंधूंनो, तुम्हाला सायकल, क्रिकेट, भजन, पत्ते, काहीही आवडत असेल, ते जरूर करा. विश्रांती आणि आनंद हा कष्टकऱ्याचा हक्क आहे. फक्त पुढच्या रजेत एक दिवस घरी बसून कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडा. आमच्या वडिलांना दुसऱ्याच्या मर्जीने सायकलवरून उतरावे लागले. आम्ही त्या रविवारी आमच्या मर्जीने उतरलो. यातला फरक त्यांना कळला असता, आणि आवडलाही असता.